रोपांसाठी मातीचे घरगुती निर्जंतुकीकरण

वांगी, मिरची, टोमॅटो किंवा पपई यांचे बी कुंडीत टाकावे, आठ-दहा दिवसांत ते तरारून उगवावे, आणि मग एका दमट सकाळी पाहावे तो निम्मी रोपे जमिनीलगत पाणचट होऊन आडवी पडलेली असावीत, हा अनुभव खेड्यातील शेतकऱ्याला जसा येतो तसाच शहरात गच्चीवर चार कुंड्या ठेवणाऱ्या गृहिणीलाही येतो. अशा वेळी बियाण्याला दोष दिला जातो, दुकानदाराला बोल लावला जातो, क्वचित दृष्टही काढली जाते. वस्तुतः पुष्कळदा दोष मातीचा असतो. पिथियम, रायझोक्टोनिया, फायटोप्थोरा, फ्युजारियम अशी नावे असलेल्या बुरशी मातीत दबा धरून असतात आणि रोप कोवळे असतानाच त्याचा गळा धरतात. शेतकरी यालाच रोपे कोलमडणे किंवा मर म्हणतात.

हे नुकसान दिसते त्याहून मोठे आहे. संकरित भाजीपाल्याचे बी आज ग्रॅमच्या हिशेबाने विकत घ्यावे लागते. शिवाय जूनमध्ये रोपे गेली तर नवे बी टाकून नवी रोपे लावणीस येईपर्यंत महिना निघून जातो आणि हंगामाचा ओलावा हातचा सुटतो. म्हणून रोपे ज्या मातीत वाढवावयाची ती माती आधी तापवून घेण्याची रीत समजून घेणे अगत्याचे आहे. तिला लागणारे साहित्य बहुतेक घरांत असते, आणि आपल्या भागात तर मुख्य साहित्य, म्हणजे वैशाखाचे ऊन, फुकट मिळते.

प्रस्तुत लेखात सुरत शहराचे उदाहरण विशेषेकरून डोळ्यांपुढे ठेवले आहे. सुरत–भुसावळ लोहमार्गाने खानदेशाशी जोडलेल्या या शहरात नंदुरबार, धुळे व जळगाव या जिल्ह्यांतून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत मराठी कानावर पडत नाही असा रस्ता विरळा. महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांत मराठी माध्यमाच्याही शाळा आहेत. गाव सुटले तरी माती सुटत नाही. तेलाच्या रिकाम्या डब्यात मिरची, फुटक्या बादलीत कढीपत्ता आणि दारात तुळस हे दृश्य या वस्त्यांत सर्वत्र दिसते. मिरचीचे बी गावाहून येते. माती मात्र जेथे मिळेल तेथून आणावी लागते. कोणी इमारतीच्या पायाची खोदलेली माती आणतो, कोणी खाडीच्या काठची, कोणी जुन्या बागेतील टाकून दिलेली. अशा मातीत काय काय आहे याचा भरवसा कोणी द्यावा? ऑगस्ट २००६ च्या महापुरात तापीचे पाणी शहराच्या मोठ्या भागात शिरले व मागे गाळ ठेवून गेले. नदीचा गाळ सुपीक खरा. परंतु शहरातून फिरलेल्या पुराच्या गाळात गटारांचे पाणीही मिसळलेले असते, हे विसरता कामा नये.

राब : आपली जुनी रीत

माती तापवून मग बी टाकणे ही कल्पना परदेशातून आलेली आहे असे कोणी समजू नये. डांग, धरमपूर, वांसदा येथपासून खाली पालघर, ठाणे, रायगड व तळकोकणापर्यंत सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना भाताची व नागलीची रोपे राब भाजून करण्याची परंपरा आहे. चैत्र-वैशाखात रोपांसाठी निवडलेल्या तुकड्यावर शेण पसरतात, त्यावर झाडांचे कवळ म्हणजे तोडलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा व गवत आणि सर्वांत वर बारीक मातीचा थर देतात. वारा पडलेला पाहून राब पेटवितात. वरच्या मातीमुळे ज्वाळा उठत नाही. आग दबून धुमसत राहते आणि खालची जमीन सावकाश भाजून निघते. पहिला पाऊस पडला की त्याच राखेत बी फेकतात. ठाण्याकडे या रोपांना आवण म्हणतात, तर रत्नागिरीकडे या भाजण्याला भाजावळ असे नाव आहे.

ब्रिटिश अमदानीत या राबाने सरकारदरबारी बरेच वादळ उठविले होते. राखीव जंगलातून कवळ तोडण्यास वनखात्याने आडकाठी केली. कवळाविना भात होणार नाही असे ठाणे जिल्ह्यातील रयतेचे म्हणणे पडले. आणि तंटा इतका वाढला की १८८५ साली मुंबई सरकारला जंगल आयोग नेमावा लागला. राबाचा उपयोग खरा की ती नुसती सवय, हा प्रश्न त्या काळच्या शेतीतज्ज्ञांनाही पडला होता. डॉ. व्होएलकर यांनी भारतीय शेतीवरील १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात राबाची दखल घेतली. पुढे पुणे येथील कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी व कानिटकर या आपल्या सहकाऱ्यांसह राबाचा शास्त्रीय अभ्यास केला आणि तो निबंध १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. राखेने खत मिळते हे उघडच होते. परंतु मातीचे तापणे हेही स्वतंत्रपणे काही काम करते की काय, असा मुद्दा त्यात होता.

योगायोग असा की, त्याच सुमारास इंग्लंडमधील रॉथमस्टेड या प्रयोगक्षेत्रावर रसेल व हचिन्सन हे दोन शास्त्रज्ञ याच प्रश्नाशी झटत होते. तापविलेल्या मातीत पीक जोमाने वाढते, कारण तीत अमोनिया अधिक तयार होतो, असे त्यांनी १९०९ साली दाखवून दिले. त्यामागचे कारण म्हणून त्यांनी जी उपपत्ती मांडली ती पुढे पूर्णपणे टिकली नाही. निरीक्षण मात्र टिकले. सह्याद्रीतील वारली किंवा कोकणा शेतकरी ही गोष्ट रसायनशास्त्राचे नावही न ऐकता पिढ्यान्पिढ्या करीत आला होता, याची नोंद करणे न्यायाचे होईल.

तथापि आज राबाची शिफारस घरासाठी करता येणार नाही. त्याला कवळ लागते, कवळासाठी झाड बोडके करावे लागते, आणि शहरात धूर शेजाऱ्याच्या घरात जातो. राबातील तत्त्व घ्यावे आणि आग वगळावी, असा मार्ग आता उपलब्ध आहे.

किती तापवावे?

निर्जंतुकीकरण हा शब्द थोडा फसवा आहे. शस्त्रक्रियेची हत्यारे जशी पूर्णपणे जंतुरहित करतात तशी माती करावयाची नाही. मातीत रोगजंतूंच्या जोडीला रोपाचे मित्रही राहतात. सेंद्रिय द्रव्य कुजविणारे, नत्र उपलब्ध करून देणारे आणि रोगट बुरशीला खाऊन टाकणारे असे असंख्य सूक्ष्म जीव तीत असतात. शत्रू मरावा आणि मित्रांतील निदान काही वाचावेत इतकेच तापविणे इष्ट होय. दुधाला आपण पाश्चरायझेशन म्हणतो, त्याच जातीची ही क्रिया आहे.

सुदैवाने शत्रू बहुधा मित्रांपेक्षा नाजूक असतात. ओली माती अर्धा तास ५५ अंश सेल्सियस उष्णतेत राहिली तर मुळांना गाठी करणाऱ्या सूत्रकृमी व रोपे कोलमडविणाऱ्या बुरशींपैकी बऱ्याचशा नष्ट होतात. ६० ते ६५ अंशांत बहुतेक रोगकारक बुरशी व जीवाणू मरतात. तणाचे बी अधिक चिवट असते. त्यातील बहुतेकांना ७० ते ८० अंश लागतात. टोमॅटो, मिरची व तंबाखू यांवर येणारा मोझॅक विषाणू याहूनही दांडगा आहे; त्याला पाणी उकळण्याच्या जवळपासची उष्णता द्यावी लागते. या विषाणूसाठी माती रटरटत ठेवण्यापेक्षा विडी किंवा तंबाखू हाताळलेले हात साबणाने धुऊन मगच रोपांना लावणे हा सोपा व अधिक गुणकारी उपाय आहे. विषाणू तंबाखूतून हातावर व हातातून रोपावर जातो, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९५७ साली केनेथ बेकर यांच्या संपादनाखाली रोपवाटिकांसाठी जी पुस्तिका काढली, तीत हाच विचार सविस्तर मांडलेला आहे. पुढे वाफेत हवा मिसळून ती ६० अंशांच्या आसपास ठेवण्याची युक्ती रोपवाटिकांत रूढ झाली. आपल्याजवळ तसे यंत्र नाही. परंतु ऊन आहे.

उन्हाची रीत

इस्राएलमध्ये काटान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. उन्हाळ्यात ओल्या जमिनीवर पारदर्शक पॉलिथिनचा कागद अंथरून ठेवला असता वांगी व टोमॅटो यांच्या मुळांवरील रोग कमी झाले. यास सौरतापन असे म्हणता येईल. ज्या देशात ऊन भरपूर त्या देशाला हा शोध विशेष उपयोगाचा. आपल्याकडे आणंद येथील बिडी तंबाखू संशोधन केंद्रात तंबाखूच्या रोपवाटिकेतील सूत्रकृमींवर राब व सौरतापन या दोन्ही उपायांचे प्रयोग झाले. चरोतर भागातील तंबाखूचे शेतकरी गादीवाफ्यावर काडीकचरा जाळण्याची रीत पूर्वीपासून पाळीत आले होतेच.

सुरतेत एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान सामान्यतः ३५ ते ४० अंशांच्या दरम्यान असते. समुद्र जवळ असल्याने ते जळगाव-नंदुरबारइतके चढत नाही. परंतु आकाश निरभ्र असते, आणि सौरतापनाला हवेच्या तापमानापेक्षा स्वच्छ सूर्यप्रकाश अधिक महत्त्वाचा आहे. मेअखेरीस ढग येऊ लागतात. म्हणून एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतचा काळ या कामाला उत्तम समजावा. ज्यांना या मुदतीत जमले नाही त्यांनी पावसाळ्यात उन्हाचा नाद सोडून पुढे दिलेली वाफेची रीत धरावी.

माती प्रथम चाळून घ्यावी. खडे, मुळ्या व काचेचे तुकडे काढून टाकावेत. लव्हाळ्याच्या गाठी तर हाताने वेचूनच काढाव्या लागतात. ऊन त्यांना पुष्कळदा मारीत नाही, उलट जागे करते. नंतर मातीवर पाणी शिंपडून ती मुठीत दाबली असता गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये, इतपत ओली करावी. शक्य असल्यास अशी ओली माती चार-सहा दिवस झाकून ठेवावी. यामागे कारण आहे. कोरड्या मातीत निद्रिस्त असलेले बी व बुरशीचे बीजाणू उष्णता सहज सोसतात. ओल लागून ते जागे झाले की मऊ पडतात आणि मग थोड्या तापानेही मरतात. शिवाय ओली माती उष्णता आतपर्यंत पोहोचविते, कोरडी पोहोचवीत नाही. कोरडीच माती उन्हात पसरून समाधान मानणारे लोक पुष्कळ भेटतात. त्यांच्या श्रमाचे फळ फार थोडे असते.

गच्चीवर लाकडी फळी किंवा विटांवर पत्रा ठेवून त्यावर पॉलिथिनचा एक कागद अंथरावा, त्यावर माती १० ते १५ सेंटीमीटर जाडीच्या थरात पसरावी आणि वरून दुसरा पारदर्शक कागद घालून कडा मातीने किंवा विटांनी घट्ट दाबाव्यात. कागद २५ ते ५० मायक्रॉन जाडीचा पुरे. त्याच्यावर थोडी पोकळी सोडून आणखी एक कागद ताणता आला तर ताप बराच वाढतो. काळा कागद वापरू नये. काळ्या रंगाने ऊन अधिक ओढले जाते हे खरे. पण तो कागद स्वतःच तापतो, माती त्यामानाने कमी तापते. पारदर्शक कागदातून ऊन आत जाते व मातीतच उष्णता होते. आतल्या बाजूने जमणारे पाण्याचे थेंब ती बाहेर जाऊ देत नाहीत.

जमिनीवरील वाफ्याला असे चार ते सहा आठवडे झाकून ठेवावे लागते, कारण खोल थर ४० ते ५० अंशांच्या वर फारसा जात नाही आणि कमी ताप दीर्घकाळ देऊनच काम भागवावे लागते. काही उष्णता सोसणारी बुरशी त्यातूनही निभावते. जमिनीपासून उचललेल्या, दुहेरी कागदात बांधलेल्या पातळ थराची गोष्ट निराळी आहे. कॅलिफोर्नियात रोपवाटिकांसाठी जो दंडक मान्य झाला आहे त्यानुसार अशा मातीच्या तळाचे मध्यबिंदूवरील तापमान ७० अंशांवर अर्धा तास किंवा ६० अंशांवर एक तास राहिले की काम झाले असे समजतात. थर जितका पातळ तितके हे लवकर साधते. घरी मोजण्याचे साधन नसल्यास दोन ते तीन आठवडे ठेवून निश्चिंत व्हावे. ताप मोजण्यास शाळेच्या प्रयोगशाळेतील तापमापक चालतो. तापाच्या आजाऱ्याचा तापमापक ४२ अंशांपुढे मोजीत नाही व मातीत घातल्यास फुटतो, हे सांगण्याची गरज पडू नये, तरीही सांगून ठेवतो.

कागद फाटल्यास लगेच चिकटपट्टी लावावी. काम झाल्यावर तो धुऊन, घडी करून पुढील वर्षासाठी ठेवावा. गच्चीवरून उडून गटारात जाऊ देऊ नये.

वाफेची रीत

थोडी माती तातडीने हवी असेल तर वाफ हा खात्रीचा उपाय आहे. खाद्यतेलाचा १५ किलोचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यावा. त्याच्या तळाशी विटेचे तुकडे ठेवून त्यांवर भोके पाडलेला पत्रा बसवावा आणि पत्र्याच्या खाली राहील इतके, सुमारे दोन इंच, पाणी घालावे. वर ओलसर माती गोणपाटात सैल बांधून ठेवावी. दाबून भरू नये, कारण दाबलेल्या मातीतून वाफ वर येत नाही. डब्यावर झाकण सैलच ठेवावे व तो चुलीवर चढवावा. झाकणाखालून वाफ जोराने येऊ लागली म्हणजे तेथून अर्धा तास मोजावा. जाळ लावल्यापासूनचा वेळ मोजणे चुकीचे आहे. मध्यंतरी तळाचे पाणी आटू देऊ नये.

मातीच्या मधोमध एक लहान बटाटा पुरून ठेवण्याची घरगुती खूण सांगतात. बटाटा शिजला की माती मध्यापर्यंत पुरेशी तापली असे समजावे. ही खूण थोडी अधिक तापाची आहे, पण ज्यांच्याजवळ तापमापक नाही त्यांना चालेल. बटाटा अर्थातच टाकून द्यावा.

तवा किंवा कढईत माती भाजण्याचा मोह टाळावा. तेथे खालचा थर जळतो व वरचा कच्चा राहतो. सेंद्रिय द्रव्य करपून दुर्गंधी सुटते. स्वयंपाकाच्या कुकरमध्ये माती घालणे तर धोक्याचेच, कारण मातीचे कण शिटीच्या छिद्रात अडकतात. मातीवर आधणाचे पाणी ओतण्याची पद्धतही प्रचलित आहे. एखाद्या पसरट खोक्यातील दोन बोटे मातीपुरती ती ठीक. मोठ्या कुंडीत पाणी तळाशी पोहोचेपर्यंत निवून जाते. कोणत्याही रीतीसाठी वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये.

औषधांविषयी एक शब्द. पूर्वी फॉर्मेलिनचे पाणी मातीत मुरवून ती झाकून ठेवण्याची शिफारस पुस्तकांतून केली जात असे. फॉर्मेलिनची वाफ डोळ्यांना व फुप्फुसांना घातक असून ते द्रव्य कर्करोगास कारण होते असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली निश्चित केले आहे. मिथिल ब्रोमाइड हा दुसरा वायू पृथ्वीभोवतीच्या ओझोन थरास मारक ठरल्याने माँट्रियल कराराखाली शेतीतून हद्दपार झाला. घरात, आणि जेथे मुले वावरतात तेथे, या द्रव्यांचा विचारही करू नये.

खत केव्हा मिसळावे?

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि नेमकी तीच बहुधा चुकते. पुष्कळजण माती, शेणखत व वाळू आधी एकत्र करतात आणि मग सगळे मिश्रण तापवितात. सेंद्रिय द्रव्यापासून अमोनिया करणारे जीवाणू बीजाणूंच्या रूपाने उष्णतेतून वाचतात. त्या अमोनियाचे नायट्रेटात रूपांतर करणारे जीवाणू मात्र मरतात. परिणामी तापविलेल्या खतमिश्रित मातीत अमोनिया साचतो आणि कोवळ्या मुळांची टोके करपतात. रोपांची पाने कडांनी जळालेली पाहून लोक पुन्हा पाणी घालीत बसतात.

लंडनजवळ मर्टन येथील जॉन इनिस संस्थेत लॉरेन्स व न्यूएल या दोघांनी १९३० नंतरच्या दशकात रोपे मरण्याच्या याच दुखण्यावर काम केले. त्यांनी ठरविलेल्या मिश्रणात फक्त माती वाफवितात. इतर घटक, चुना व सुपर फॉस्फेट नंतर घालतात. बियांसाठी त्यांचे प्रमाण दोन भाग पोयट्याची माती, एक भाग पीट व एक भाग जाड वाळू असे होते. पीट आपल्याकडे नाही; त्याच्या जागी चांगले मुरलेले शेणखत, गांडूळखत किंवा काथ्याचा भुसा घ्यावा. सुरतेकडील काळ्या मातीत चुनखडी मुळातच असते, तेव्हा वर चुना घालण्याचे कारण नाही. ही काळी माती ओली झाली की चिकटते व सुकली की भेगाळते. म्हणून एकट्या काळ्या मातीत रोपे करू नयेत. जवळ गोराडू मिळाल्यास ती घ्यावी, अन्यथा वाळूचा भाग थोडा वाढवावा. वाळू मात्र नदीची व धुतलेली असावी. डुमसच्या किनाऱ्यावरील काळी वाळू पाहावयास सुंदर, पण खारट. ती कुंडीत आणू नये.

खत कच्चे असल्यास त्यातून रोग पुन्हा येतो. ढिगात चांगले कुजलेले खत आतून ५५-६० अंशांपर्यंत स्वतःच तापून निघालेले असते. ढीग दोन-तीन वेळा वरखाली केला असेल तर त्याचे सर्व भाग या तापातून जातात. वाफविलेली माती थंड झाल्यावर स्वच्छ गोणपाटावर पसरून दोन ते तीन आठवडे हवेशीर सावलीत ठेवावी आणि मग बी टाकावे. उन्हाने तापविलेल्या मातीला इतके थांबण्याची सहसा गरज पडत नाही.

रिकामे घर

तापवून निघालेली माती म्हणजे एक रिकामे घर आहे. जो आधी शिरेल तो राज्य करील. त्यात पिथियम बुरशीचा एखादा कण पुन्हा आला तर त्याला अडविणारा कोणी नसतो, आणि न तापविलेल्या मातीपेक्षाही तो अधिक वेगाने पसरतो. तापविलेल्या मातीत रोपे जास्त मेली, अशी तक्रार कधी कधी ऐकू येते तिचे मूळ येथे आहे. तेव्हा ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मुरलेल्या खतात मिसळून मातीत आधीच वसवून टाकावी. ती कृषी विद्यापीठांकडे व खत विक्रेत्यांकडे मिळते. पाकिटावरील मुदत पाहून घ्यावी, कारण ती जिवंत वस्तू आहे.

कुंड्या, खोके व खुरपे उकळत्या पाण्याने धुऊन घ्यावेत. माती ज्या हाताने उचलावयाची तो हात व ज्या चपला घालून तिच्यावरून चालावयाचे त्या चपला हेही रोगाचे वाहन आहे. तळ्याचे किंवा खाडीचे पाणी रोपांना देऊ नये. नळाचे किंवा विहिरीचे द्यावे, आणि तेही बेताने, सकाळी. बी दाट टाकू नये. कितीही तापविलेली माती असो, दाट व सदैव ओले ठेवलेले वाफे कोलमडणारच.

तुळस, जास्वंद, मोठी झालेली पपई किंवा आंब्याचे कलम यांसाठी हा खटाटोप करण्याची आवश्यकता नाही. बी आणि छाट कलम यांनाच तापविलेली माती लागते. मोठ्या झाडाला जिवंत, गजबजलेली मातीच मानवते.

शाळांसाठी

शिक्षकांना या विषयात एक चांगला प्रयोग सापडेल. एकाच जागेची माती तीन खोक्यांत भरावी. एकातील तशीच, दुसऱ्यातील उन्हाने तापविलेली व तिसऱ्यातील वाफविलेली असावी. प्रत्येकात वांग्याच्या ५० बिया सारख्या अंतरावर टाकाव्यात. किती उगवल्या, पंधराव्या दिवशी किती उभ्या राहिल्या आणि तण किती आले याची नोंद मुलांनी ठेवावी. एक अडचण अशी की, उन्हाचे काम नेमके सुट्टीत येते. परंतु झाकलेल्या मातीला राखणदार लागत नाही. परीक्षा आटोपल्यावर माती बांधून ठेवावी आणि शाळा उघडल्यावर कागद काढावा. वाफविण्याचे काम मात्र शिक्षकांनी स्वतः करावे, मुलांना जाळाजवळ जाऊ देऊ नये.

मुलांच्या संदर्भात आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. ज्या मातीत मैला मिसळला असण्याचा संभव आहे तीत जंताची अंडी असतात. ओल्या मातीत ६० अंशांचा ताप मिळाला की ती मरतात, म्हणजे या रीतीचा लाभ रोपाइतकाच मुलालाही आहे. परंतु धनुर्वाताचे बीजाणू याला अपवाद आहेत. ते उकळत्या पाण्याच्या तापातूनही वाचू शकतात. तेव्हा माती तापविली आहे या विश्वासावर हाताची जखम उघडी ठेवून कुंड्या भरू नयेत. मुलांना धनुर्वातप्रतिबंधक लस वेळच्या वेळी दिलेली आहे याची खात्री पालकांनी करून घ्यावी, आणि काम झाल्यावर हात साबणाने, नखांच्या खालूनही, धुवावेत.

तापविलेली माती उरल्यास ती स्वच्छ डब्यात किंवा पिशवीत तोंड बांधून, जमिनीपासून उंच ठेवावी. पिशवीवर तारीख घालावी. पुढील उन्हाळ्यापर्यंत ती उरली आणि मधल्या काळात पिशवी उघडली गेली असेल, तर तीवर विसंबून न राहता ती पुन्हा कागदाखाली घालावी.